शुक्रवारी गोव्याशी सेमी: कोण कुठे, कसा बघणार?

चाळीतला_विंगर
१ मार्च २०२१, रात्री १२:२०

झोप लागत नाहीये म्हणून धागा काढतोय.

आयएसएल फुटबॉलमध्ये (इंडियन सुपर लीग) आपल्या मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-० हरवलं आणि साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड आपली झाली. सातव्या मिनिटाला फॉलचं हेडर, एकोणचाळिसाव्याला ओगबेचेचा गोल. दोघांचे गुण ४०-४०, पण त्यांच्याशी झालेले दोन्ही सामने आपण जिंकले म्हणून पहिला नंबर आपला. आता आशियाई चॅम्पियन्स लीगसुद्धा खेळणार. दुसऱ्या गोलला मी इतका ओरडलो की शेजारच्या आजी दार उघडून बाहेर आल्या, म्हणाल्या, "कोण पडलं रे?"

आणि लगेच शुक्रवारी, ५ तारखेला, सेमीचा पहिला सामना. गोव्याशी, फातोर्ड्यात. दुसरा सोमवारी ८ तारखेला बांबोळीला.

आनंद पोटात मावत नाहीये, पण एक खंतही आहे, ती इथे लिहितो. मी शेवटचा स्टँडमध्ये बसलो होतो २१ फेब्रुवारी २०२० ला, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात. चेन्नईयिनशी सामना होता, प्लेऑफ (पहिल्या चार संघांतली बाद फेरी) त्याच्यावर होतं. ०-१ हरलो. गोल कोणाचा, तर आपलाच जुना लुसियन गोयान! सामना संपल्यावर आम्ही पाच जण एक शब्द न बोलता आझाद नगर मेट्रोपर्यंत चालत गेलो. जिन्यावर एकजण म्हणाला, "चला, पुढच्या सीझनला." आम्ही पाचही जण त्यानंतर एकत्र भेटलेलो नाही. संघ पहिला आला, ते आम्ही पाच वेगवेगळ्या घरांत बसून बघितलं.

तर प्रश्न असे.

शुक्रवारी कुठे बघताय? माझ्या मनात आहे की आमच्या चाळीच्या गच्चीवर पडदा लावायचा आणि वीसेक जणांना बोलवायचं. पण दोन आठवड्यांपासून करोनाचे आकडे पुन्हा चढतायत. बोलवावं की नाही?

आणि काय वाटतं, गोव्याला काढू ना?

---

पाचवा_बदली
१ मार्च, रात्री १२:३१

अभिनंदन मंडळी!!! आमच्याकडे मुलगा आणि मी दोघंही रडलो. तो नऊ वर्षांचा आहे, मी त्रेचाळीसचा. बाकी उद्या लिहितो.

---

अंधेरी_पश्चिम
१ मार्च, सकाळी ८:०५

काढू, पण "काढू ना" इतकं सोपं नाही. ९ मार्च २०१९ आठवतंय का कोणाला? मला रोज आठवतं.

सेमीचा पहिला सामना, आपलं मैदान. विसाव्या मिनिटाच्या आसपास बास्तोसने गोल केला आणि आमचा स्टँड अक्षरशः हलला. मागच्या रांगेतल्या एका अनोळखी काकांनी मला मिठी मारली. पुढच्या तासाभरात गोव्याने पाच मारले. पाच! शेवटी ते काका खाली मान घालून शेंगदाणे सोलत होते, खात नव्हते, नुसते सोलून कागदावर ठेवत होते. परत जाऊन गोव्यात १-० जिंकलो, पण ५-१ नंतर त्याचा काय उपयोग.

त्या दिवशी गोव्याच्या बाकावर कोच कोण होता? लोबेरा. मागे उभा राहून आपली प्रत्येक फ्रीकिक डोक्याने काढणारा कोण? फॉल, आणि त्याने वर जाऊन गोलही मारले. मधे जाहू, बूमूस. डाव्या बाजूला मंदार राव देसाई. आज हे सगळेच्या सगळे आपल्याकडे. ज्यांनी आपल्याला रडवलं तेच आता आपल्यासाठी फातोर्ड्यात जाणार. मला तर शुक्रवारची भीती आणि हाव दोन्ही एकदम वाटते आहे.

---

गोंयकार_गिरगावात
१ मार्च, सकाळी ९:४०

अंधेरी_पश्चिम, मी त्या दिवशी पाहुण्यांच्या कोपऱ्यात होतो, नारिंगी टी-शर्टात. तुमच्या लोकांनी सामन्यानंतर आम्हाला वाट करून दिली, एकाने पाण्याची बाटली दिली. ते विसरलो नाही.

शील्डबद्दल मनापासून अभिनंदन. पण राग नाही असं म्हणणार नाही. आहे. लोबेराला आमच्याकडून सीझन संपायच्या आत काढलं, मग एकेक करून खेळाडू तुमच्याकडे गेले. मंदार गेला तेव्हा सगळ्यात जास्त लागलं. तो आमच्या घरचा.

आता माझी मावशी फातोर्ड्याला राहते, तिची गोष्ट सांगतो. तिच्या बाल्कनीतून स्टेडियमचे दिवे दिसतात. दर सामन्याला काका टीव्हीचा आवाज बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहतो. काही ऐकू येत नाही. पूर्वी गोल झाला की घरातल्या भांड्यांना कळायचं, म्हणतो. नोव्हेंबरपासून अख्खी लीग गोव्यात चालू आहे, फातोर्डा, बांबोळी, वास्को, अकरा संघ, आणि गोव्याच्या माणसाला आत पाऊल टाकता आलेलं नाही. तुम्ही साडेपाचशे किलोमीटर लांब आहात. काका पाच मिनिटांवर आहे.

आणि आमचा संघ तेरा सामने हरलेला नाही. तेवढं लक्षात असू द्या. 🙂

---

चपलांचा_गोल
१ मार्च, सकाळी ९:५८

काकांचं वाचून घशात आवंढा आला. सामना मात्र आम्हीच जिंकणार.

---

आकडेमोड
१ मार्च, सकाळी ११:१५

मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक विचारतो. आपण वीस सामने खेळून पहिले आलो. मग हे प्लेऑफ कशाला? ट्रॉफी आणि 'चॅम्पियन' हा शब्द त्या चौघांतून जो शेवटी जिंकेल त्याला. हे मला सुरुवातीपासून पटलेलं नाही.

इतिहास बघा. २०१४ ला चेन्नईयिन पहिले, सेमीत बाहेर. २०१५ ला गोवा पहिले, फायनल हरले. २०१६ ला आपण पहिले, सेमीत कोलकात्याने काढलं, आणि मग तेच चॅम्पियन झाले. २०१७-१८ ला बेंगळुरू पहिले, फायनल हरले. २०१८-१९ ला बेंगळुरू पहिले आणि जिंकले. गेल्या वर्षी गोवा पहिले, पुन्हा सेमीत गेले. सहा सीझनमध्ये पहिल्या आलेल्या संघाने ट्रॉफी उचलली ती एकदाच.

माझ्या दृष्टीने मुंबई सिटी काल रात्रीच चॅम्पियन झाली. शुक्रवार हा वरचा प्रसाद.

---

टचलाइन_ताई
१ मार्च, दुपारी १२:४०

आकडेमोड, इथे तुमच्याशी अजिबात पटणार नाही.

२०१६ ला आपल्याकडे उरुग्वेचा फोरलान होता, पहिले आलो होतो, तरी त्या वर्षाबद्दल विचारलं तर लोकांच्या तोंडी एकच: "सेमीत फोरलानला रेड कार्ड मिळालं." कोलकात्यात ३-२ हरलो, इकडे अंधेरीत ०-०. मी त्या ०-० ला होते. नव्वद मिनिटं एक गोल हवा होता आणि तो आला नाही. त्या वर्षीचं पहिलं स्थान घेऊन मी आज काय करू? माझ्या भाचीला तेव्हा पहिल्यांदा स्टेडियमला नेलं होतं, तिला फक्त तो न झालेला गोल आठवतो.

पहिलं येणं म्हणजे चांगला संघ असणं. ट्रॉफी म्हणजे त्या एका रात्री पाय न लटपटणं. आपले दोनदा लटपटले, २०१६ आणि २०१९. आजवर फायनल बघितलेली नाही आपण. मला फायनल हवी.

---

आकडेमोड
१ मार्च, दुपारी १:०५

ताई, 'पाय न लटपटणं' मान्य. पण वीस सामने पाय लटपटू न देता खेळणं जास्त कठीण की दोन? आणि तेही आपले मधे लटपटलेच होते. नॉर्थईस्टने बारा सामने न हरण्याची मालिका तोडली, मग बेंगळुरूने ४-२, जमशेदपूरने २-०. तिथून ओडिशाला ६-१ आणि काल बागान. त्यातून सावरून पहिलं येणं हीच खरी परीक्षा होती, असं माझं मत.

---

टचलाइन_ताई
१ मार्च, दुपारी १:१२

ओडिशाविरुद्ध बिपिनची हॅटट्रिक मी तीनदा बघितली, त्यामुळे आज भांडायची इच्छा नाही. पण मत तेच.

---

रात्रपाळी
१ मार्च, दुपारी ३:५०

धागा सकाळपासून वाचतेय, आत्ता लिहायला वेळ मिळाला. मी नर्स आहे. इथल्या काही जणांना माहीत आहे.

चाळीतला_विंगर, गच्चीवर वीस जण नकोत. कृपा करून नकोत.

मी तुम्हाला आकडे सांगणार नाही, ते पेपरात येतात. मी फक्त माझ्या वॉर्डाचं सांगते. जानेवारीत आम्ही चार खाटा भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या, लागत नव्हत्या म्हणून. गेल्या आठवड्यात त्यातल्या तीन परत खाली घेतल्या. गच्ची उघडी असते, हवा असते, सगळं खरं. पण गोल झाला की तुम्ही काय कराल? मास्क खाली, मिठ्या, ओरडणं. मी स्वतः तेच करेन, म्हणून सांगतेय.

माझा आकाशी स्कार्फ गेल्या एप्रिलमध्ये धुऊन, डांबरगोळ्या घालून बॅगेत ठेवला. तो अंधेरीच्या स्टँडमध्येच बाहेर काढायचा आहे, हॉस्पिटलच्या बाकावर नाही.

शुक्रवारी मला रात्रपाळी आहे. आठला हजर, म्हणजे पहिला अर्धा तास बसमध्ये. फोन लॉकरमध्ये जातो, मधल्या सुट्टीत एकदा बघता येतो. कोणीतरी इथे स्कोअर लिहीत राहाल का? मिनिट आणि स्कोअर, बस. मी एकदम सगळं वाचेन.

---

पाचवा_बदली
१ मार्च, दुपारी ४:०२

मी लिहितो ताई. प्रत्येक कॉर्नर लिहितो.

---

चाळीतला_विंगर
१ मार्च, संध्याकाळी ७:३०

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून गच्ची रद्द केली. मघाशीच पोरांना सांगितलं. एक-दोघं हिरमुसले. पण तळमजल्यावरचे एक आजोबा ऑगस्टमध्ये गेले, त्यामुळे वाद कोणी घातला नाही.

काहीतरी दुसरं सुचलं तर बघतो. सुचवा.

---

डोंबिवली_स्लो
१ मार्च, रात्री ९:२०

मी विंगरकडे माझगावला यायला तयार होतो! आता रद्द म्हटल्यावर वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. कारण लोकलचं गणित बसत नव्हतं. करोनामुळे आम्हा सामान्यांना लोकल सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार, नाहीतर रात्री नऊनंतर. म्हणजे साडेसातच्या सामन्याला मी चारच्या आत डोंबिवली सोडायची आणि दोन-अडीच तास विंगरच्या आईला चहा करायला लावायचा.

घरीच बघेन. बायको म्हणते तिलाही ऑफसाइड समजावून सांग. चार वर्षं झाली सांगतोय.

---

कूपरेज_१९७८
२ मार्च, सकाळी ७:१०

काल लसीची नोंदणी करून घेतली. साठ पूर्ण झाल्याचा पहिल्यांदाच फायदा झाला. गुरुवारी पहिला डोस.

शील्ड आणि ट्रॉफीचा वाद वाचला. मजा आली. मी जुना माणूस, मला या वादातलं फार कळत नाही, कारण आमच्या वेळी रोव्हर्स कप म्हणजे सगळं. १८९१ ची स्पर्धा. बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन मुंबईत यायचे आणि कूपरेज भरून जायचं. मफतलाल, ओर्के, टाटा हे आपले. मी चर्चगेटला उतरून चालत जायचो. तिकिटाचे पैसे नसले की ओव्हल मैदानाच्या बाजूला उभं राहून आवाजावरून अंदाज करायचा. 'हाऽऽ' असा लांब आला की चेंडू बाहेर, आणि एकदम फुटला की गोल. कोणाचा गोल, तेही कळायचं. बंगालच्या संघाचा असला तर आवाज एका कोपऱ्यातून यायचा.

त्या फातोर्ड्याच्या काकांचं म्हणून मला नीट कळलं. आवाजावरून सामना बघणाऱ्याला आवाजच नाही.

मग महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, मुंबईचा संघ देशात पहिला! आणि २०१० ला संघच बंद केला. मुंबई एफसी होतं, तेही २०१७ ला खाली गेलं. म्हणून मी शील्डबद्दल एवढंच म्हणतो: जे मिळालं ते घट्ट धरा. या शहरात फुटबॉलचा संघ कधी उठून जाईल सांगता येत नाही.

थोडं अवांतर. दुसऱ्या सेमीत नॉर्थईस्टच्या बाकावर खालिद जमील आहे. अर्ध्या सीझनमध्ये संघ हातात घेतला आणि प्लेऑफला आणला. आयएसएलमध्ये असं करणारा पहिला भारतीय कोच. तो महिंद्राकडून खेळला, मग कितीतरी वर्षं कूपरेजवर मुंबई एफसीला शिकवलं. त्यानंतर ऐजॉलला घेऊन आय-लीग जिंकली. मुंबई सिटी आणि खालिदचा संघ फायनलला आले तर मी कोणाकडून ओरडणार, माझं मलाच ठाऊक नाही.

---

अंधेरी_पश्चिम
२ मार्च, सकाळी ८:३०

काका, नॉर्थईस्टने आपल्याला या सीझनमध्ये दोनदा हरवलंय! पहिल्याच सामन्यात जाहूला रेड कार्ड आणि ०-१. खालिदभाईंबद्दल आदर पूर्ण, पण फायनलला बागानच बरा.

---

कूपरेज_१९७८
२ मार्च, सकाळी ८:४४

दुसऱ्यांदा हरवलं तेव्हा बाकावर खालिदच होता, म्हणून तर सांगतोय.

---

दोन_स्ट्रायकर
२ मार्च, सकाळी ११:५०

आता जरा खेळाचं बोलू या का?

गोव्याशी दोन सामने झाले. २५ नोव्हेंबरला १-०, तोही ९५ व्या मिनिटाला आपल्या ले फाँद्रेची पेनल्टी. ८ फेब्रुवारीला ३-३. त्यात आपण २-० पुढे होतो. ९० व्या मिनिटाला रॉलिनने ३-२ केलं, मी खुर्चीवर उभा, आणि भरपाईच्या वेळेत ईशान पंडिताने बरोबरी केली. म्हणजे १८० मिनिटांत गोव्यापेक्षा आपण एका पेनल्टीएवढेच पुढे. 'तेच आपल्याकडे आले' वगैरे ठीक, पण त्यांचा कोच फेरांडोने नवा संघ बांधलाय आणि तो शेवटच्या मिनिटापर्यंत हार मानत नाही.

माझी काळजी: गोव्याचा स्ट्रायकर आंगुलो. नव्वदपैकी ऐंशी मिनिटं दिसत नाही आणि मग बॉक्समध्ये बरोबर जिथे चेंडू पडणार तिथे उभा असतो. फॉल हवेत राजा आहे, पण जमिनीवर आंगुलो त्याच्या पाठीमागून निघतो. आणि त्यांच्या ब्रँडनला चेंडू घेऊन वळायला जागा दिली की संपलं.

माझी आशा: बंदी संपवून बूमूस परत येतोय. तो नसताना आपला खेळ जाहूच्या लांब पासवर चालला होता. जाहू मागे, दोन सेंटर बॅकच्या मधे येऊन चेंडू घेतो, मान वर करतो आणि चाळीस मीटर आडवा फेकतो, तो थेट बिपिनच्या किंवा मंदारच्या पायात. बघायला सुंदर, पण एकदा कळलं की जाहूच्या अंगावर माणूस सोडतात, जमशेदपूरने तेच केलं. बूमूस असला की दोन वाटा होतात.

आणि या वर्षी बाहेरच्या मैदानावरच्या गोलचा नियम नाही, हे विसरू नका. सगळे सामने गोव्यातच, तेव्हा घरचं काय आणि बाहेरचं काय. दोन सामन्यांनंतर बरोबरी असेल तर जादा वेळ, मग पेनल्टी.

---

गोंयकार_गिरगावात
२ मार्च, दुपारी १२:२०

दोन_स्ट्रायकर, आंगुलोबद्दल एकदम बरोबर. पण एक सुधारणा. फातोर्डा आमचं नाही म्हणू नका. रिकामं असलं तरी ते आमचंच. स्वतःचं घर रिकामं असलं तरी अंधारात दिव्याचं बटण हाताला सापडतं.

---

चपलांचा_गोल
२ मार्च, दुपारी १२:२६

गोंयकार, हे वाक्य मुंबईच्या बाजूने कोणी लिहिलं असतं तर मी फ्रेम करून लावलं असतं.

---

पाचवा_बदली
२ मार्च, रात्री १०:१५

रिकाम्या स्टेडियमवरून. मुलाला घेऊन आम्ही एकदा त्या फॅन वॉलवर आलो होतो. मैदानाच्या बाजूच्या मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांचे चेहरे दाखवतात ते. पोराने सकाळपासून जर्सी घातली, केस विंचरले, भिंतीवर झेंडा लावला. आमचा चौकोन सात-आठ सेकंद दिसला असेल. त्याने हात हलवला, आणि आपला गोलकीपर अमरिंदर चेंडू आणायला त्या बाजूला आला तेव्हा ओरडला, "बाबा, त्याने आपल्याला बघितलं!"

मी हो म्हटलं. बघितलं असेलही.

---

बारावा_गडी
३ मार्च, सकाळी १०:००

ऑक्टोबरपासून ती पोरं हॉटेल, बस, मैदान, हॉटेल एवढंच करतायत. घरी कोणाला बाळ झालं, कोणाचं कोणी आजारी, सगळं फोनवर. त्याबद्दल आपल्याकडून कोणी काही बोलत नाही, म्हणून लिहिलं.

---

चाळीतला_विंगर
३ मार्च, रात्री ८:४०

मंडळी, सुचलं! म्हणजे आमच्या आईला सुचलं.

आमची चाळ चौकोनी आहे, मधे चौक, चारी बाजूंनी गॅलरी. गणपती मंडळाचा प्रोजेक्टर माळ्यावर धूळ खात पडलाय, गेल्या वर्षी गणपतीत बाहेर निघालाच नाही. तो पहिल्या मजल्याच्या आमच्या गॅलरीत ठेवायचा आणि समोरच्या गॅलरीच्या कठड्यावरून दोन डबल चादरी शिवून खाली सोडायच्या. जो तो आपापल्या दाराबाहेर उभा. कोणी खाली चौकात यायचं नाही, कोणी दुसऱ्याच्या दाराशी जायचं नाही. बाहेरचं कोणी नाही. मास्क सगळ्यांना. समोरच्या बाजूच्या पाच बिऱ्हाडांना पडदा दिसणार नाही, त्यांनी आपल्या टीव्हीवर बघायचं.

रात्रपाळी, हे चालेल का? तुम्ही नको म्हटलंत तर हेही नाही.

---

रात्रपाळी
४ मार्च, सकाळी ९:१०

विचारलंत याबद्दल आधी थँक्यू.

चालेल. मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. ज्या घरात कोणाला ताप-खोकला आहे त्यांनी दार लावून बघायचं. आणि आईंना माझा नमस्कार सांगा.

---

डोंबिवली_स्लो
४ मार्च, सकाळी ९:३०

एक गंभीर अडचण! प्रोजेक्टर मोबाइलवरून लावणार असाल तर चित्र टीव्हीच्या मागे असतं. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी खालच्या मजल्यावर केबल होती, आम्ही इंटरनेटवर. ओगबेचेचा गोल आमच्याकडे होण्याच्या चांगला अर्धा मिनिट आधी खालून आरोळी आली. माझ्याकडे अजून चेंडू मधल्या रेषेवर होता. त्या टीव्हीवाल्या पाच बिऱ्हाडांना सांगून ठेवा, आधी ओरडायचं नाही.

---

चाळीतला_विंगर
४ मार्च, सकाळी १०:०५

अरे बाप रे, हे लक्षातच आलं नव्हतं. त्या पाचांत सगळ्यात मोठा आवाज असलेली आमची मामी राहते.

---

टचलाइन_ताई
४ मार्च, सकाळी १०:२०

मामींना सांगा, गोव्याचा गोल झाला तर मात्र आधीच सांगायचं, म्हणजे आपण डोळे मिटून घेऊ.

---

आकडेमोड
५ मार्च, दुपारी ४:१५

ऑफिसचं काम एक अक्षर पुढे सरकलेलं नाही.

टचलाइन_ताई, एक कबूल करतो. सोमवारी मी लिहिलं होतं, शुक्रवार म्हणजे वरचा प्रसाद. आज सकाळपासून पोटात गोळा आहे. प्रसादाला कोणाच्या पोटात गोळा येतो? मलाही फायनल हवी आहे.

---

टचलाइन_ताई
५ मार्च, दुपारी ४:२२

🩵

---

कूपरेज_१९७८
५ मार्च, संध्याकाळी ६:००

काल लस घेतली. दंड दुखतोय, थोडी कणकण आहे. सून म्हणते झोपा. तिला म्हटलं, साडेनऊला झोपतो.

---

गोंयकार_गिरगावात
५ मार्च, संध्याकाळी ६:४०

मावशीचा फोन आला. दिवे लागले म्हणे. काका बाल्कनीत गेलाय.

सगळ्यांना शुभेच्छा. कोणाला दुखापत नको, रेफ्रीने गोंधळ घालायला नको, आणि गोवा जिंकू दे.

---

चाळीतला_विंगर
५ मार्च, संध्याकाळी ७:१८

चादरी लागल्या. आईने मशीनवर शिवल्या, मधे शिवण आहे ती नेमकी मैदानाच्या मधल्या रेषेच्या जवळ येते. एका कोपऱ्यात गुलाबाची फुलं आहेत, कॉर्नर घेणारा त्या फुलांत उभा राहतो. वारा आला की अख्खं फातोर्डा हलतं, म्हणून खालच्या टोकांना चार वरवंटे बांधलेत.

तिन्ही मजल्यांवर लोक दारात उभे आहेत. गेल्या मार्चनंतर पहिल्यांदा सगळी बिऱ्हाडं एकदम बाहेर बघतोय. तळमजल्यावरच्या त्या आजोबांच्या सुनेनेही दाराबाहेर खुर्ची आणून ठेवली. तिच्या मुलाच्या हातात आजोबांची घंटी आहे, आरतीची. गोल झाला तर वाजवणार म्हणतो.

ते बाकीचे चौघे, मेट्रोच्या जिन्यावरचे, व्हिडिओ कॉलवर आहेत. फोन कठड्यावर पडद्याकडे तोंड करून ठेवलाय.

---

रात्रपाळी
५ मार्च, संध्याकाळी ७:२४

बसमध्ये आहे. सिग्नल लागलाय. उतरले की फोन लॉकरमध्ये. मधल्या सुट्टीत वाचेन, नीट लिहा.

---

पाचवा_बदली
५ मार्च, संध्याकाळी ७:३१

ताई, बसलोय लिहायला. मुलगा शेजारी वही घेऊन बसलाय, तो मिनिटं सांगणार.

१ ले मिनिट. गोवा ०, मुंबई ०. सुरू झाला.